एकांड्या लांडग्याच्या गळ्यातला पट्टा: जीपीएस कॉलर कुठं कामाला येते, कुठं दगा देते

लांडग्यांच्या जीपीएस कॉलरची परीक्षणं बहुधा वजन, बॅटरी आणि अचूकता एवढ्यावर उरकतात. टोळीची हद्द नकाशावर आखायची असेल तर तेवढं पुरतंही. पण एकांडे लांडगे येतात कुठून आणि नवी टोळी उभी कशी राहते, हे शोधायला कॉलर घ्यायची असेल तर तिला वेगळी मोजपट्टी लावावी लागते. हद्द सहा महिन्यांत आखून होते. घर सोडून निघालेल्या जनावराचं पुढं काय झालं हे कळायला मात्र दीड-दोन वर्षं जातात. तेवढ्या काळात कॉलर तीनदा कसाला लागते: जनावर निघतं तेव्हा, भटकतं तेव्हा आणि कुठंतरी टेकतं तेव्हा.

निकाल आधीच सांगून टाकू. निघण्याची वेळ आणि चाललेली वाट, या दोन बाबतींत तिच्या तोडीचं दुसरं साधन नाही. बिऱ्हाड कुठं थाटलं तेही ती सांगते, पण कुणाबरोबर थाटलं हे तिला एकटीला सांगता येत नाही. आणि चुकीच्या गळ्यात घातली तर या विषयावर दोन-दोन वर्षं ती अवाक्षर काढत नाही.

इथं विचार केलाय तो साधारण अर्धा ते पाऊण किलो वजनाच्या, उपग्रहामार्फत निरोप पाठवणाऱ्या, ठरलेल्या वेळी आपोआप गळून पडणाऱ्या कॉलरचा. कुठल्या कंपनीची, हा मुद्दा वाटतो तितका मोठा नाही. चांगल्या कॉलरींमध्ये आपसात जेवढा फरक असतो, त्याहून जास्त फरक ती कुणाला घातली आणि तिचं वेळापत्रक कसं लावलं यानं पडतो.

आधी एकांडा कोण, ते

टोळी म्हटलं की गुंडांची फौज आणि तिचा म्होरक्या डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात ते एक घर असतं: आईबाप, यंदाची पिल्लं आणि गेल्या एक-दोन वेतांतली, अजून घरीच असलेली पोरं. 'अल्फा' बाकीच्यांना दाबून ठेवतो आणि हरलेल्याला हाकलतो, ही कल्पना प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ सालच्या लिखाणातून पसरली. त्यांनी पाहिलेले लांडगे स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातले होते. एका आवारात कोंडलेल्या जनावरांना निघून जायची सोयच नसते, मग धुसफूस वाढणारच. पुढं लांडग्यांचे अमेरिकी अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९९९ साली रानातल्या टोळ्यांबद्दल लिहिताना हा शब्द बहुतेक ठिकाणी निरर्थक ठरवला. ज्याला आपण अल्फा म्हणतो तो बहुधा नुसता बाप असतो.

म्हणजे एकांडा लांडगा हा सहसा वाळीत टाकलेला नसून वयात येऊ लागलेलं पोर असतं. घरात जोडीदार मिळत नाही, कारण समोरचे सगळे रक्ताचे. शिकार कमी पडायला लागली की मोठ्या पोरांच्या वाट्याला हाडंच येतात, आणि विणीच्या दिवसांत आईबापांची सहनशक्तीही आटते. अमेरिकेतल्या ईशान्य मिनेसोटात १९६९ ते १९८९ या काळात ३१६ लांडग्यांवर लक्ष ठेवलं गेलं. त्यांतले ७५ घर सोडून गेलेले आढळले. त्यांत नर-माद्यांचं प्रमाण सारखंच होतं, आणि निघण्याचं सर्वांत ठळक वय होतं ११-१२ महिने, म्हणजे विणीच्या हंगामाच्या आसपास. बाकीचे दोन-तीन वर्षांचे होईतो टप्प्याटप्प्यानं निघतात. कुठल्याही वेळी हिवाळ्यात मोजले तर लांडग्यांच्या एकूण संख्येत एकांडे साधारण १० ते १५ टक्के भरतात. जोडीदार मेल्यावर मोडलेल्या घरातला एखादा म्हातारा नर किंवा मादीही त्यात असते, पण गर्दी तरुणांचीच.

कॉलर कुणाच्या गळ्यात

पहिली आणि सर्वांत महागडी चूक इथंच होते. सापळ्यात किंवा बेशुद्ध करणाऱ्या डार्टखाली मोठं, भारदस्त जनावर आलं की टीम खूश होते आणि आपल्याजवळची सर्वांत चांगली कॉलर त्यालाच चढवते. ते जनावर बहुधा घरातलं जाणतं असतं, आणि जाणते कुठं जात नाहीत. अशा कॉलरमधून हद्दीचा सुरेख नकाशा मिळतो, बीळ कळतं, शिकारी कळतात. एकांड्यांबद्दल शून्य.

घर सोडणाऱ्यांचा माग काढायचा तर कॉलर दहा महिने ते दोन वर्षं वयाच्या जनावरांना हवी, आणि एकाच टोळीतल्या दोघा-तिघांना हवी. त्यातलं एखादं घरीच राहील, एखादं मरेल, एखादं निघेल. एकच कॉलर असेल तर पाण्यात टाकलेल्या पैशाची तयारी ठेवा.

तरुण जनावर निवडलं की मापाचा प्रश्न येतो. दहा महिन्यांचं पिल्लू उंचीनं जवळपास पुरं वाढलेलं असतं, पण मान अजून भरायची असते. मोठ्याच्या मापानं पट्टा घट्ट केला तर तो वर्षभरात रुतेल. मोकळा ठेवला तर खेळताना किंवा खाजवताना खालचा जबडा नाहीतर पुढचा पाय त्यात अडकतो, आणि अडकलेला पाय सुटला नाही तर जनावर उपाशी मरतं. मधला मार्ग म्हणजे पट्ट्याच्या आतून फोमची गादी: ती वाढत्या मानेबरोबर दबते आणि झिजत जाते. गादी नसेल तर उभी धरलेली दोन-तीन बोटं जेमतेम सरकतील एवढी जागा ठेवून, पट्टा कानांमागून पुढं ओढून पाहावा. कानांवरून निसटला तर एक भोक आत. हिवाळी केस दाट असतात. तेव्हा बसवलेला पट्टा उन्हाळ्यात केस गळाल्यावर सैल होतो, हे धरूनच माप घ्यावं. बोल्टचा वर आलेला तुकडा कापून कानशीनं घासावा, पट्ट्याचं उरलेलं शेपूट छाटावं. ही कामं बेशुद्ध जनावरासमोर घाईत राहून जातात आणि मग मानेला फोड येतो.

वजनाचा ढोबळ नियम असा की कॉलर शरीराच्या तीन टक्क्यांच्या आत हवी. उत्तरेकडच्या ४० किलोच्या लांडग्याला १२०० ग्रॅमपर्यंत मुभा मिळते, म्हणजे पाऊण किलोची कॉलर त्याच्या गावीही नसते. दक्षिण आशियातला किंवा अरबस्तानातला २० किलोचा लांडगा घेतला तर मर्यादा ६०० ग्रॅमवर येते, आणि त्याचं वर्षाचं पिल्लू त्याहून हलकं. तिथं मोठ्या बॅटरीची कॉलर चालतच नाही. लहान बॅटरी घ्यायची आणि फिक्स, म्हणजे जागेच्या नोंदी, कमी करायचे, दुसरा इलाज नाही.

वेळापत्रक: सगळा खेळ इथला

फिक्स म्हणजे कॉलरनं एकदा उपग्रहांकडून आपली जागा ठरवून घेणं. दर चार तासांनी एक लावला तर दिवसाला ६, दोन वर्षांत ४,३८०. दर तासाला लावला तर दोन वर्षांत १७,५२०, आणि बॅटरी बहुधा त्याच्या खूप आधी संपते. वर निरोप पाठवायलाही वीज लागते, बऱ्याचदा फिक्सपेक्षा जास्त. म्हणून प्रत्येक फिक्स लगेच पाठवण्यापेक्षा सहा-आठ फिक्सचा गठ्ठा करून दिवसातून एकदा पाठवायला लावावं.

शिकारीचा अभ्यास करणाऱ्यांना तासाभराचे फिक्स हवेच असतात, कारण दोन-तीन तास एकाच जागी घुटमळलेले बिंदू म्हणजे मारलेलं जनावर. एकांड्याच्या मागावर असणाऱ्याला तो चैनीचा माल आहे. त्याला वर्षभर दिवसाला चार-सहा फिक्स भरपूर होतात. त्याहूनही काटकसर करायची असेल तर दर तेरा तासांचं वेळापत्रक लावून पाहा. वरवर विचित्र वाटतं, पण तेरा आणि चोवीसला सामाईक भाजक नसल्यामुळं फिक्सची वेळ रोज सरकत जाते आणि तेरा दिवसांत दिवसरात्रीचा प्रत्येक तास एकदा येऊन जातो. बारा तासांचं वेळापत्रक लावलं तर वर्षभर तेच दोन क्षण दिसतात. लांडगा दुपारी झोपलेला आणि मध्यरात्री चाललेला, एवढंच.

तोटाही आहे. विरळ फिक्समधून काढलेलं अंतर नेहमी खऱ्यापेक्षा कमी भरतं, कारण दोन बिंदूंमध्ये सरळ रेघ मारली जाते. जनावर हमरस्ता नेमका कुठं ओलांडतं हे त्यातून कळत नाही. म्हणून दुतर्फी संपर्काची कॉलर घ्यावी असं स्पष्ट मत आहे. तिला नवं वेळापत्रक दुरून पाठवता येतं: घरी असेतो विरळ, हद्द सोडली की दाट, स्थिरावलं की पुन्हा विरळ. एकतर्फी कॉलर स्वस्त आणि हलकी असते, पण एकदा लावलेलं वेळापत्रक बदलायला जनावर पुन्हा पकडावं लागतं.

मोबाइल नेटवर्कवरून निरोप पाठवणाऱ्या कॉलरबद्दल दोन शब्द. वस्तीच्या मुलखात त्या छान चालतात आणि वीज कमी खातात. रेंज नसेल तर फिक्स आत साठवून ठेवतात आणि रेंज आली की धाडतात. पण घर सोडलेला लांडगा कुठल्या डोंगरात किंवा सीमेपलीकडच्या कुठल्या नेटवर्कात जाईल ते सांगता येत नाही, आणि महिनाभर गप्प असलेली कॉलर मेली की रेंजबाहेर आहे हा प्रश्न सोडवत बसावं लागतं. या कामाला उपग्रहच बरा.

पहिली कसोटी: निघणं

नकाशावर घर सोडणं एका फटक्यात दिसत नाही. आधी फेरफटके असतात. जनावर हद्दीबाहेर चार-आठ दिवस जातं, परत येतं, महिनाभर घरी राहतं, पुन्हा जातं. हद्दीबाहेरचा पहिला बिंदू दिसला की 'निघाला' असं जाहीर करणं ही नवशिक्याची घाई. न परतण्याची खात्री होईपर्यंत थांबावं, मग मागं जाऊन शेवटच्या घरातल्या बिंदूची तारीख निघण्याची म्हणून धरावी. यासाठी आधीचे तीन-चार महिने घरातले बिंदू हाताशी हवेत, नाहीतर घराची हद्दच माहीत नसते. म्हणजे कॉलर हिवाळ्याच्या सुरुवातीला चढवली तर विणीच्या हंगामात निघणारं जनावर नीट टिपलं जातं. ऐन हंगामात चढवलेली कॉलर बऱ्याचदा आधीच वाटेला लागलेल्या पाहुण्याच्या गळ्यात पडते आणि तो कुणाचा पोरगा हे कॉलर सांगू शकत नाही.

स्लोव्हेनियाच्या नैर्ऋत्येला जुलै २०११मध्ये कॉलर केलेला स्लाव्हच हा नर याचं नमुनेदार उदाहरण आहे. कॉलर चढल्यापासून पाच महिने तो घरच्या हद्दीत दिसत राहिला, आणि डिसेंबरमध्ये निघाला. घर कुठलं, निघाला कधी, या दोन्हींची उत्तरं पक्की मिळाली.

दुसरी कसोटी: वाट

इथं कॉलर अक्षरशः पैसे फेडते. स्लाव्हच ऑस्ट्रिया ओलांडून हजाराहून अधिक किलोमीटर चालत इटलीत, व्हेरोनाजवळच्या लेसिनिया पठारावर पोचला. जर्मनीतल्या लुसाशियात कॉलर केलेला अ‍ॅलन २००९ साली बेलारूसपर्यंत गेला: सरळ रेघेत ८०० किलोमीटर, पायी १५०० हून जास्त. स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडनमधला एम२३७ हा नर कॉलरच्या हिशेबानं १,९२७ किलोमीटर चालून हंगेरीत पोचला आणि २०२३च्या वसंतात तिथं बेकायदा मारला गेला. नॉर्वेतल्या एका कॉलरवाल्या मादीचं जन्मस्थानापासूनचं सरळ अंतर १,०९२ किलोमीटर भरलं, तेही फिनलंड-रशिया सीमेजवळ.

मात्र हे सगळे आकडे गाजलेले आहेत, सरासरी नाहीत. शेजारच्या हद्दीलगत जागा मोकळी असेल तर पोरं दोन हद्दी पलीकडंच बिऱ्हाड करतात, आणि त्याची बातमी होत नाही. कॉलर घेताना नजरेसमोर स्लाव्हच ठेवू नये. बहुतेक कॉलरी पन्नास-शंभर किलोमीटरच्या आतली गोष्ट सांगतील, आणि ती तितकीच कामाची असते. मिनेसोटातही वय वाढलेल्या जनावरांना जोडीदार आणि बीळ मिळण्यात सर्वांत जास्त यश आलं, वर्षाच्या पोरांना बेताचं, आणि वर्षाच्या आतल्यांना फारच थोडं.

वाटेवर कॉलर काय काय दाखवते? दिवसाला वीस-तीस किलोमीटर सहज. नदीकाठ, डोंगराची धार, रानवाट अशा सोप्या रेघा धरून चाललेले बिंदू. मग अचानक वळसा: तिथं बहुधा दुसऱ्या टोळीची हद्द असते. एकांडा परक्या हद्दीच्या काठाकाठानं सरकतो, कारण आत सापडला तर मारला जातो. हद्दी माहीत असलेल्या मुलखात हे बिंदू टाकून पाहिले की दोन हद्दींमधल्या पट्ट्यात माळ ओवल्यासारखे दिसतात.

तिसरी कसोटी: टेकणं

भटकणाऱ्या जनावराचे बिंदू एक दिवस पुढं जायचे थांबतात आणि दोन-तीनशे चौरस किलोमीटरच्या तुकड्यात फिरू लागतात. याचे अर्थ अनेक निघतात, आणि इथंच कॉलरची मर्यादा उघडी पडते.

नवी टोळी उभी राहण्याची सरधोपट रीत म्हणजे दोन वेगळ्या घरांतले एकांडे मोकळ्या जागेत भेटणं. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात लांडगे परत आणले गेले ते १९९५ आणि १९९६ साली. तिथं आपसूक जमलेली पहिली टोळी अशीच झाली: रोझ क्रीकच्या गटातून निघालेली ७ क्रमांकाची मादी आणि क्रिस्टल क्रीकचा २ क्रमांकाचा नर १९९६ साली एकत्र आले आणि लिओपोल्ड टोळी सुरू झाली. दोघांच्याही गळ्यात रेडिओ कॉलर असल्यामुळं हे नेमकं कळलं. इतकं नशीब सहसा नसतं. बहुतेक वेळा जोडीतल्या एकाच्याच गळ्यात कॉलर असते आणि दुसरा नकाशावर अदृश्य.

दुसरी रीत घराला लागूनच वेगळं होण्याची: पोरगी आईबापांच्या हद्दीच्या कडेला बाहेरच्या नराबरोबर राहते आणि हळूहळू तो तुकडा तोडून घेते. नकाशावर हे घर सोडल्यासारखं वाटतच नाही, फेरफटके लांबल्यासारखं वाटतं. तिसरी, फार मोठी झालेली टोळी दुभंगण्याची. दोन माद्या एकाच हंगामात व्यायला लागल्या की तशी शक्यता वाढते. चौथी रीत नव्या टोळीची नव्हे, जुन्या घरातल्या रिकाम्या पाटावर बसण्याची. यलोस्टोनचाच २१ क्रमांकाचा नर १९९७च्या अखेरीस ड्रुइड टोळीत शिरला, तिथले मोठे नर मारले गेल्यानंतर. नुसत्या बिंदूंवरून पहिली आणि चौथी रीत वेगळी ओळखणं जवळपास अशक्य. त्या जागी आधी टोळी होती का, हे दुसऱ्या मार्गानं माहीत असावं लागतं.

तरीही कॉलर एक सुंदर खूण देते, आणि ती वाचायला शिकावंच. मादी व्यायली की पिल्लांबरोबर बिळात पडून असते. जमिनीखालून आकाश दिसत नाही, म्हणून फिक्स लागत नाही. तेव्हा मीलनानंतर साधारण दोन महिन्यांनी, कारण गर्भकाळ ६३ दिवसांचा, मादीच्या कॉलरचे फिक्स एकाएकी गळू लागले आणि जे लागतात ते सगळे एकाच ठिपक्याभोवती असले, तर कॉलर बिघडली असं समजून ती बाद करू नका. तिथं बीळ आहे. नराची कॉलर असेल तर चित्र वेगळं: तो बाहेर जातो आणि पुन्हापुन्हा त्याच जागी परततो, चाकाच्या आऱ्यांसारखे रस्ते आखत. अशा वेळी बिळाजवळ जाऊ नये. मादी पिल्लं उचलून दुसरीकडं नेते, आणि सगळा डाव विस्कटतो.

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याचा ओआर-७ हा नर या तिन्ही कसोट्यांचा मिळून एकच दाखला आहे. फेब्रुवारी २०११मध्ये कॉलर केला, सप्टेंबरमध्ये घर सोडलं, २८ डिसेंबर २०११ला कॅलिफोर्नियात शिरला. १९२४ नंतर तिथं नोंद झालेला तो पहिला रानटी लांडगा. पुढं सव्वा वर्ष भटकून तो नैर्ऋत्य ओरेगॉनात स्थिरावला. २०१४च्या वसंतात त्याचे बिंदू एका जागी घुटमळू लागल्यावर त्या टापूत कॅमेरा ट्रॅप, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, लावले, तेव्हा काळी मादी दिसली, आणि जूनमध्ये पिल्लं. मादीच्या गळ्यात काही नव्हतं. ती ईशान्य ओरेगॉनच्याच लांडग्यांच्या नात्यातली आहे, हे तिच्या विष्ठेतल्या डीएनएनं सांगितलं. म्हणजे एवढा मुलूख तीही तुडवून आली होती आणि एकाही नकाशावर तिचा ठिपका नव्हता. गाजला तो कॉलरवाला.

म्हणून या कामासाठी कॉलर एकटी विकत घेऊ नये. तिच्या जोडीला कॅमेरा ट्रॅप, विष्ठा गोळा करायच्या पिशव्या आणि बर्फात किंवा धुळीत माग वाचणारा माणूस धरूनच हिशेब करावा. जोडी जमल्याची खूण जमिनीवर दिसते: एकाशेजारी एक दोन मूत्रखुणा, दोघांनी एकाच झुडपावर टाकलेल्या, आणि विणीच्या दिवसांत मादीच्या खुणेत रक्ताची छटा. कॉलर फक्त कुठं वाकून बघायचं ते दाखवते. स्कँडिनेव्हियाचा किस्सा तर कॉलरच्या भक्तांनी लक्षात ठेवावा असा आहे. तिथं १९८३ साली एका जोडीनं पिल्लं दिली, आणि पुढची आठ वर्षं एकाच टोळीवर गाडं अडलं. १९९१च्या सुमारास पूर्वेकडून एकच नर येऊन मिसळला आणि संख्या भराभर वाढू लागली. हे सारं उलगडलं ते पुढं, डीएनएवरून.

काय बिघडतं

सर्वांत हास्यास्पद बिघाड चुंबकाचा. कॉलर बंद ठेवायला तिच्यावर चुंबक चिकटवलेलं असतं, ते काढलं की ती जागी होते. धांदलीत चुंबक न काढताच लांडगा सोडल्याचे प्रकार होतात. पकडायला निघण्यापूर्वी चुंबक काढून, उघड्या आकाशाखाली एक फिक्स आणि एक निरोप प्रत्यक्ष आल्याचं पाहून, मगच पुढं जावं.

बाहेर आलेली लवचिक अँटेना घरातलेच दात चावून तोडतात. पट्ट्याच्या आत शिवलेली घ्या. पल्ला थोडा कमी मिळतो, पण टिकते. बॅटरीचा डबा गळ्याखाली आणि जीपीएसची अँटेना मानेवर, ही रचना वजनामुळं आपोआप टिकायला हवी. पट्टा सैल असेल तर फिरतो, अँटेना खाली येते आणि फिक्स निम्मे होतात. खोल दऱ्यांत आणि दाट झाडीखाली फिक्स लागायला वेळ जातो आणि प्रत्येक फसलेला प्रयत्न बॅटरी खातो. पत्रकावरचं आयुष्य उघड्या माळावरचं असतं, ते तिथं मिळत नाही.

मृत्यूचा इशारा ठरावीक तास हालचाल नसली की येतो. फार कमी तास ठेवले तर पोटभर खाऊन आडवा झालेला लांडगाही मेलेला ठरतो, फार जास्त ठेवले तर पोचेपर्यंत पुरावा उरत नाही. आणि इशारा न येता कॉलर एकदम गप्प झाली, तर बॅटरी, बिघाड आणि बंदूक या तिन्ही शक्यता समोर ठेवाव्यात. ओरेगॉनमधूनच आलेल्या ओआर-९३ या नराची कॉलर एप्रिल २०२१मध्ये कॅलिफोर्नियात गप्प झाली. तो जिवंत असल्याचं पुढं एका कॅमेऱ्यानं दाखवलं, कारण त्याचा पट्टा जांभळा होता आणि चित्रात ओळखू आला. नोव्हेंबरमध्ये तो हमरस्त्याजवळ वाहनाच्या धडकेनं मेलेला सापडला. तेव्हा कॉलर मागवताना मळखाऊ तपकिरी रंग घेऊ नका. कुठल्या जनावराला कुठला भडक रंग दिला याची नोंद शेजारच्या मुलखातल्या लोकांकडंही असू द्या.

ड्रॉप-ऑफ, म्हणजे पट्टा आपोआप सोडणारी कडी, हा सगळ्या कॉलरींचा दुबळा भाग. टायमरची कडी ठरल्या दिवशी सुटते, दुरून संदेश देऊन सोडायची कडी आपल्या मर्जीनं; थंडी, ओल आणि गंज या दोन्हींना दगा देतात. सुटलीच नाही तर मेलेली कॉलर जनावर जन्मभर वागवतं. म्हणून कडीच्या शेजारी सुती कापडाचा जोड शिवून घ्यावा, तो आज ना उद्या कुजतो. टायमर मात्र फार आधी लावू नये. स्लाव्हचची कॉलर ऑगस्ट २०१२मध्ये ठरल्याप्रमाणं गळून पडली. तोवर त्याची इटलीतल्या वंशाच्या मादीशी गाठ पडली होती, लोक तिला जुलिएटा म्हणू लागले होते. त्यांची पहिली पिल्लं जन्मली २०१३ साली, कॉलरनंतर. वर्षाच्या पोराला कॉलर घालताना टायमर निदान दोन विणीचे हंगाम ओलांडेल असा लावावा, कारण लांडगा साधारण २२ महिन्यांचा होईतो वयात येत नाही.

जुनी व्हीएचएफ कॉलर अजून घ्यावी का

नुसते 'टिक-टिक' करणारी रेडिओ कॉलर हलकी असते, वर्षानुवर्षं चालते आणि स्वस्त पडते. घर न सोडणाऱ्या जाणत्यांना ती बरी. एकांड्यासाठी नको: तो पल्ल्याबाहेर गेला की विमानातून शोधावं लागतं, आणि कुठल्या दिशेला शोधायचं हेच ठाऊक नसतं. पण जीपीएस कॉलरमध्ये व्हीएचएफचा भाग वेगळ्या बॅटरीवर असेल तर तो अवश्य घ्या. उपग्रहाची बाजू मेल्यावर जनावर, आणि कडी सुटल्यावर गवतात पडलेली कॉलर, दोन्ही त्याच आवाजावर सापडतात. न पाठवले गेलेले फिक्ससुद्धा आतल्या मेमरीत तसेच असतात, म्हणून पडलेली कॉलर उचलून आणल्याशिवाय त्या लांडग्याची फाइल बंद करू नये. उपग्रहानं दिलेल्या नकाशात नदी ओलांडल्याची जागा रिकामी असते. बऱ्याचदा ती आत सापडते.